दीड हजार डॉलरचा लॅपटॉप आणि फेलनीची भानगड

अमेरिकन पोलिसी सिरियल्सचं व्यसन असलेल्या मंडळींना "सेकंड डिग्री मर्डर" हे शब्द आपल्या 'कलम ३०२' इतकेच ओळखीचे असतात. सरकारी वकील टेबलावर फाइल आपटतो, आरोपीचा वकील "मॅनस्लॉटरवर मिटवून टाकू" म्हणतो, आणि सोफ्यावर लोळत आपण समजून चालतो की फर्स्ट म्हणजे भयंकर, सेकंड म्हणजे जरा कमी भयंकर, आणि हा हिशोब अख्ख्या अमेरिकेत एकच असणार.

तर तसं अजिबात नाहीये. यातल्या बऱ्याच सिरियल्स न्यूयॉर्कमध्ये घडतात. न्यूयॉर्कच्या कायद्यात एखाद्याने महिनाभर कट शिजवून, थंड डोक्याने शेजाऱ्याला मारलं तरी तो साधारणपणे सेकंड डिग्रीच. फर्स्ट डिग्री राखून ठेवलीये ती पोलिसाला मारणं, साक्षीदाराला मारणं, सुपारी घेऊन मारणं अशा ठराविक प्रकारांसाठी. हद्द ओलांडून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात गेलात की तोच खून फर्स्ट डिग्री होतो. तिथे सेकंड डिग्री म्हणजे दरोडा, जाळपोळ असला गुन्हा चालू असताना कुणीतरी मेलं तो प्रकार, मग मारायचा हेतू असो वा नसो. आणि थर्ड डिग्री मर्डर हा प्रकार पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा आणि मिनेसोटा या तीनच राज्यांत. जॉर्ज फ्लॉइड प्रकरणाचा खटला २०२१ मध्ये मिनेसोटात चालला तेव्हा खुद्द अमेरिकन लोकसुद्धा एकमेकांना विचारत होते, की हे थर्ड डिग्री काय आणलं आता?

पण खून राहू दे बाजूला, तो आपल्या रोजच्या व्यवहारातला नाही. लॅपटॉपचं उदाहरण घेऊ. दीड हजार डॉलरचा एक लॅपटॉप कुणीतरी कॉफी शॉपमधून उचलला. हत्यार नाही, मारामारी नाही, चोराच्या नावावर आधीचा गुन्हा नाही. टेक्ससमध्ये हा मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा. जास्तीत जास्त एक वर्ष काउंटी जेल. कारण टेक्ससमध्ये चोरी फेलनी व्हायला २५०० डॉलर लागतात. विस्कॉन्सिनमध्येही मिसडिमीनर, नऊ महिने. कॅलिफोर्नियात मर्यादा ९५० डॉलर, त्यामुळे ही 'ग्रँड थेफ्ट', पण ती फेलनी धरायची की मिसडिमीनर हे आधी सरकारी वकील आणि मग जज ठरवणार. अशा दोन्हीकडे झुकणाऱ्या गुन्ह्याला तिथले वकील 'वॉबलर' म्हणतात, डुगडुगणारा! फ्लोरिडात ७५० डॉलरच्या वर म्हणजे सरळ थर्ड डिग्री फेलनी, पाच वर्षांपर्यंत. न्यू जर्सीत 'थर्ड डिग्री क्राइम', तीन ते पाच वर्षं, फक्त पहिलाच गुन्हा असेल तर सहसा आत टाकत नाहीत. आणि व्हर्जिनिया? एक हजाराच्या वर की एक ते वीस वर्षं. वीस! बारा महिन्यांच्या आत जेलवर सोडून द्यायची मुभा आहे, पण कागदावर वीस आहेत.

लॅपटॉप तोच, चोर तोच, चार्जरसुद्धा तोच. नऊ महिन्यांपासून वीस वर्षांपर्यंत कुठलाही आकडा निघू शकतो, आणि तो कशावर अवलंबून, तर कॉफी शॉपचा पिनकोड काय यावर.

हे असं का, हे शोधायला बसलो आणि दोन वीकेंड गेले. त्यातलं जे सापडलं ते इथे मांडतोय.

मुळात 'फेलनी' म्हणजे काय? जुन्या इंग्लिश कायद्यात फेलनीची ओळख गुन्हा किती क्रूर यावरून होत नव्हती. फेलनी म्हणजे असा गुन्हा, ज्यात गुन्हेगाराची मालमत्ता जाते. जमीन सरंजामदाराकडे परत, चीजवस्तू राजाकडे. जोडीला बहुतेक वेळा फाशी. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६९ मध्ये आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात फेलनीची व्याख्या मालमत्ता जप्तीवरूनच केली आहे, आणि सोबत हिशोबही दिलाय, की पार्लमेंटने आजवर १६० गुन्ह्यांना कुठलीही सवलत नसलेली फाशी लावून ठेवली आहे. त्याला स्वतःला हे फारसं पटलेलं नव्हतं.

आता गंमत बघा. इंग्लंडमध्ये १२७५ पासून चोरीचे दोन भाग होते. बारा पेन्सपर्यंतची चोरी किरकोळ, त्यावरची मोठी. मोठी म्हणजे फाशी. पाचशे वर्षांत पैशाची किंमत घसरत घसरत पार तळाला गेली, पण बारा पेन्स काही हलले नाहीत. पुढे १७१३ मध्ये आणखी एक कायदा आला, राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तर फाशीच. मग ज्युरीतल्या बारा जणांनी यावर आपला उपाय काढला. समोर चांदीची भांडी मांडलेली असली तरी ते शांतपणे सांगायचे, "मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग." एका शिलिंगाने माणूस वाचला! ब्लॅकस्टोनने या प्रकाराला पवित्र खोटेपणा अशा अर्थाचं नाव दिलंय. हे एकोणचाळीस शिलिंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हे सगळं सामान घेऊन इंग्रज अमेरिकेत उतरले. प्रत्येक वसाहतीने त्यातलं आपल्याला हवं ते उचललं. पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन हा क्वेकर पंथाचा, शांततावादी माणूस. स्वतः इंग्लंडमध्ये तुरुंगवास भोगलेला. त्याच्या १६८२ च्या कायद्यात फाशी जवळजवळ फक्त खुनालाच होती. बाकीच्यांना कामाला जुंपायचं, नुकसानभरपाई द्यायला लावायची. पण १७१८ मध्ये, पेनच्या मृत्यूच्या वर्षीच, पेनसिल्व्हेनियाने तो कायदा गुंडाळला आणि इंग्रजी पद्धतीची फाशीची लांबलचक यादी स्वीकारली.

स्वातंत्र्यानंतर चक्र पुन्हा उलटं फिरलं. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात हव्यात असं १७७६ च्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेतच लिहिलं होतं. इटलीच्या बेक्कारियाचं १७६४ चं पुस्तक तिकडच्या शिकलेल्या लोकांत चांगलंच फिरत होतं. १७८६ मध्ये दरोडा आणि घरफोडीची फाशी रद्द झाली. त्याऐवजी कैद्यांचं मुंडन करून, साखळदंड घालून, हातगाड्या ढकलत फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर कामाला लावायचं ठरलं. हा प्रयोग सपशेल आपटला. कैदी येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिव्या देणार, बघे जमणार, मारामाऱ्या होणार. मग १७९० मध्ये सगळ्यांना वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात भिंतीआड नेलं.

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस. विल्यम ब्रॅडफर्ड. कॉलेजात जेम्स मॅडिसनचा मित्र, पंचविशीत राज्याचा अॅटर्नी जनरल, पुढे जज. पेनसिल्व्हेनियात फाशीची कितपत गरज आहे यावर त्याने १७९३ मध्ये एक लांब निबंध लिहिला. लक्षात घ्या, हा माणूस वर्षानुवर्षं सरकारतर्फे खटले चालवणारा. त्याचा मुद्दा साधा होता. शिक्षा फार कडक असेल तर ज्युरी दोषी ठरवायलाच कचरते, मग गुन्हेगार सुटतो, आणि कडक कायद्याचा धाक उलट कमी होतो. एकोणचाळीस शिलिंगवाली ज्युरी त्याला चांगली ठाऊक होती.

२२ एप्रिल १७९४ ला पेनसिल्व्हेनियाने खुनाचे दोन तुकडे केले. विष घालून, दबा धरून किंवा विचारपूर्वक, ठरवून केलेला खून, आणि बलात्कार, दरोडा, जाळपोळ, घरफोडी करताना झालेला खून, हा फर्स्ट डिग्री. त्याला फाशी. बाकी सगळे सेकंड डिग्री, त्यांना पाच ते अठरा वर्षं कैद. सिरियलमधल्या त्या वाक्याचा जन्म इथला. आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की 'डिग्री' ही कल्पना शिक्षा वाढवण्यासाठी जन्मली नव्हती. माणसांना फासावरून खाली उतरवण्यासाठी ती काढलेली शिडी होती. ब्रॅडफर्ड पुढच्याच वर्षी वारला, चाळिशीही गाठली नाही.

शेजारी व्हर्जिनियात थॉमस जेफरसनने शिक्षांच्या प्रमाणबद्धतेचं एक विधेयक आधीच लिहून ठेवलं होतं. (त्यात काही गुन्ह्यांना अवयव कापण्याच्या शिक्षा होत्या, त्यामुळे जेफरसनभक्तांनी फार हुरळू नये.) १७८६-८७ च्या अधिवेशनात ते फक्त एका मताने पडलं. मॅडिसनने जेफरसनला पत्रात कारण कळवलं ते भारी आहे: घोडेचोरांवर लोकांचा इतका राग होता, की त्यांची फाशी काढायला सभागृह तयार होईना! शेवटी १७९६ मध्ये व्हर्जिनियाने पेनसिल्व्हेनियाच्या डिग्र्या उचलल्या आणि फाशी फक्त फर्स्ट डिग्री मर्डरला ठेवली. पण फक्त स्वतंत्र माणसांसाठी. गुलामांना ही सुधारणा लागू नव्हती, त्यांच्यासाठी जुनी यादी तशीच. म्हणजे एकाच राज्यात, एकाच गुन्ह्याला, माणूस कोण यावरून दोन कायदे.

त्यानंतर एकेक राज्य आपापल्या डिग्र्या पाडत गेलं. न्यूयॉर्कने १८२८ च्या कायद्यात मनुष्यवधाच्या चार डिग्र्या केल्या, घरफोडीच्या तीन. मिशिगनने १८४६ मध्ये खुनाची फाशीच काढून टाकली. मालमत्ता जप्तीची इंग्रजी प्रथा अमेरिकेत टिकली नव्हती, मग फेलनी ओळखायची कशी? न्यूयॉर्कने उत्तर काढलं: ज्याची शिक्षा राज्याच्या तुरुंगात भोगायची तो फेलनी. म्हणजे पूर्वी गुन्ह्यावरून शिक्षा ठरायची, आता शिक्षेवरून गुन्ह्याची जात ठरायला लागली. सर्क्युलर रेफरन्स म्हणतात तो हाच.

एवढं सगळं होऊनही 'विचारपूर्वक' म्हणजे किती वेळ विचार, हा प्रश्न कुणालाच धड सोडवता आला नाही. एक रात्र? एक तास? काही कोर्टांनी तर क्षणभरही पुरतो असं धरलं. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो १९२८ मध्ये डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात म्हणाले, की हा फरक इतका धूसर आहे की तो ज्युरीला समजावून सांगणं अवघड. आणि त्या फरकावर माणसाचा जीव अवलंबून होता.

इथवर वाचून वाटेल, की ठीक आहे, थोडं इकडे, थोडं तिकडे. पण राज्याराज्यांतला फरक म्हणजे नुसते आकडे नव्हेत. कधी कधी एका राज्यातला फेलन हा दुसऱ्या राज्यातला भला माणूस असतो. १८५९ मध्ये केंटकीत विलिस लॅगो नावाच्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसावर आरोप ठेवला गेला. गुन्हा काय, तर शार्लट नावाच्या गुलाम बाईला पळून जायला मदत केली. केंटकीत हा गंभीर गुन्हा. लॅगो नदीपलीकडे ओहायोत पोचला. अमेरिकन राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय की "राजद्रोह, फेलनी किंवा इतर गुन्हा" करून पळालेल्याला परत पाठवायचं. केंटकीने मागणी केली. ओहायोचे गव्हर्नर विल्यम डेनिसन यांनी नकार दिला. आमच्या राज्यात असा गुन्हाच नाही, कारण आमच्याकडे माणूस कुणाची मालमत्ता होऊ शकत नाही.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मार्च १८६१ मध्ये सरन्यायाधीश टॅनी यांनी निकाल दिला: गुन्हा कशाला म्हणायचं हे केंटकीच ठरवणार, लॅगोला परत पाठवणं हे ओहायोचं कर्तव्य आहे... पण गव्हर्नरला तसं करायला भाग पाडायची ताकद केंद्राकडे नाही. लॅगो वाचला. महिन्याभरात यादवी युद्ध सुरू झालं. हा निकाल पुढे थेट १९८७ पर्यंत कायदा म्हणून टिकून होता.

युद्धानंतर गुलामगिरी गेली, पण घटनेच्या तेराव्या दुरुस्तीत एक फट राहिली: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालते. आता फेलनीची मर्यादा कुठे आखायची याला एकदम वेगळाच अर्थ आला. मिसिसिपीने १८७६ मध्ये एक कायदा केला, लोक त्याला 'डुकराचा कायदा' म्हणतात. कुठलंही पाळीव जनावर, किंवा दहा डॉलर वा त्याहून जास्त किमतीची वस्तू चोरली तर मोठी चोरी, पाच वर्षांपर्यंत. एक डुक्कर उचललं की फेलन! तिथल्या कैद्यांची संख्या १८७४ मध्ये २७२ होती, ती १८७७ मध्ये १०७२ झाली. या कैद्यांना मळेवाल्यांना आणि रेल्वेच्या कंत्राटदारांना भाड्याने दिलं जायचं. बहुसंख्य अर्थातच काल-परवापर्यंत गुलाम असलेले. मर्यादा खाली आणली की मजूर वाढतात, इतका सरळ हिशोब.

याच मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत कोणत्या गुन्ह्यांनी मताधिकार जातो याची यादी केली. लाचखोरी, घरफोडी, चोरी, जाळपोळ, खोटं बोलून पैसे उकळणं, दोन लग्नं वगैरे. खून आणि बलात्कार यादीत नव्हते! कृष्णवर्णीय लोक कोणते गुन्हे जास्त करतात असं गोऱ्या घटनाकारांना वाटत होतं, त्या अंदाजाने ही यादी बनली, आणि १८९६ मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टाने हे निकालपत्रात उघडपणे लिहूनही ठेवलं. खून आणि बलात्कार यादीत यायला १९६८ उजाडलं. आजही या बाबतीत राज्यं दोन टोकांना आहेत. मेन आणि व्हरमाँटमध्ये कैदी तुरुंगातून मतदान करतात. फ्लोरिडात फेलनीमुळे मत आयुष्यभरासाठी जायचं. २००० सालची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक फ्लोरिडात ५३७ मतांनी ठरली होती, आठवत असेल. तिथल्या मतदारांनी २०१८ मध्ये हा नियम सैल केला (खून आणि लैंगिक गुन्हे सोडून), तर पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अट घातली, की आधी कोर्टाचे सगळे दंड आणि फी भरा.

आपल्याकडे हा गोंधळ का नाही? त्याचं मूळही थोडं अमेरिकेतच आहे. लुइझियानासाठी एडवर्ड लिव्हिंग्स्टनने १८२० च्या दशकात एक सुंदर, सुटसुटीत दंडसंहिता लिहिली. लुइझियानाने ती स्वीकारलीच नाही. पण १८३७ मध्ये मेकॉलेने भारतासाठी मसुदा केला तेव्हा लिव्हिंग्स्टनची संहिता त्याच्या टेबलावर होती, आणि ते ऋण त्याच्या आयोगाने मान्यही केलंय. आपलं भारतीय दंड विधान १८६० चं, अमलात आलं १ जानेवारी १८६२ ला. त्यात फेलनी हा शब्दच नाही. ३०२ म्हणजे गडचिरोलीतही खून आणि गुवाहाटीतही खून (जम्मू-काश्मीरचं रणबीर दंड विधान २०१९ पर्यंत वेगळं होतं). राज्यांना दुरुस्त्या करता येतात, आपला १९९९ चा मकोका आहेच, पण पाया एक. चोरीच्या ३७९ कलमात किमतीची पायरीच नव्हती, पेन चोरा की लॅपटॉप, तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ३०२ चं १०३ झालं (आता जुन्या पिक्चरमधले डायलॉग समजावून सांगावे लागणार), आणि चोरीत पहिल्यांदाच पायरी आली: माल पाच हजार रुपयांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा. म्हणजे आपल्याकडेही आता एक आकडा छापून ठेवलाय. महागाईबरोबर तो हलतो का ते बघायचं.

अमेरिकेत एकसारखेपणा आणायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. डेव्हिड डडली फील्ड या वकिलाने न्यूयॉर्कसाठी १८६५ मध्ये दंडसंहितेचा मसुदा दिला. ती आधी लागू झाली डकोटात, मग १८७२ मध्ये कॅलिफोर्नियात, आणि ज्या क्लायंटसाठी लिहिली त्या न्यूयॉर्कने स्वीकारली १८८१ मध्ये! मोठा प्रयत्न झाला तो १९६२ चा. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूटने हर्बर्ट वेक्सलर या प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली दहा वर्षं खपून 'मॉडेल पीनल कोड' तयार केला. त्यात फेलनीच्या फक्त तीन डिग्र्या. आणि खुनाच्या डिग्र्या रद्द, ब्रॅडफर्डचं सूत्र केराच्या टोपलीत.

तीसहून जास्त राज्यांनी यावरून आपले कायदे नव्याने लिहिले. पण प्रत्येकाने 'थोडे बदल' केले. आपल्यापैकी ज्यांनी एखादं रेडिमेड प्रॉडक्ट दहा क्लायंटकडे बसवलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. टेक्ससमध्ये फर्स्ट, सेकंड, थर्ड डिग्री, वर कॅपिटल, आणि १९९३ मध्ये खाली आणखी एक 'स्टेट जेल फेलनी' चिकटवली. ओहायोत पाच डिग्र्या. न्यूयॉर्कने अक्षरं घेतली, ए ते ई. विस्कॉन्सिन ए ते आय. व्हर्जिनियाने आकडे घेतले, एक ते सहा. मेन आणि न्यू जर्सीने 'फेलनी' हा शब्दच टाकून दिला. कॅलिफोर्निया तर आपल्या १८७२ च्या कोडवरच ठिगळं लावत बसलं. 'फर्स्ट डिग्री' म्हणजे फ्लोरिडात सहसा तीस वर्षांपर्यंत, टेक्ससमध्ये पाच ते नव्व्याण्णव किंवा जन्मठेप, पेनसिल्व्हेनियात वीस. लेबल एक, आतला माल वेगळा.

आणि मग विल्यम रमेल. टेक्ससचा हा माणूस. १९६४ मध्ये क्रेडिट कार्डाची लबाडी, ८० डॉलर. १९६९ मध्ये २८ डॉलर ३६ सेंटचा खोटा चेक. १९७३ मध्ये एसी दुरुस्त करून देतो म्हणून १२० डॉलर ७५ सेंट घेतले आणि दुरुस्त केला नाही. नऊ वर्षांत एकूण २२९ डॉलर ११ सेंट. कुणाला साधी चापट मारली नाही. पण तेव्हा टेक्ससमध्ये पन्नास डॉलरच्या वर फेलनी होती आणि तिसऱ्या फेलनीला जन्मठेप सक्तीची होती. जजच्या हातात काही नव्हतं. १ जानेवारी १९७४ ला टेक्ससची नवी दंडसंहिता लागू झाली, तिच्यात मर्यादा दोनशे डॉलर. म्हणजे एसीचा तोच प्रकार काही महिन्यांनी झाला असता तर मिसडिमीनर! आणि दुसऱ्या एखाद्या राज्यात असता तर जन्मठेपेचा प्रश्नच आला नसता.

सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ही जन्मठेप कायम ठेवली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: देशभर एकच शिक्षापद्धत लादायची नसेल तर कुठलं ना कुठलं राज्य सगळ्यात कडक असणारच. तर्क म्हणून यात खोट काढणं अवघड आहे. यादी केली की तिच्यात शेवटचा कुणीतरी असतोच. पण रमेलने टेक्ससची निवड यादी बघून केली नव्हती, तो तिथे राहत होता इतकंच. (पुढे काही महिन्यांतच तो सुटला, पण वेगळ्याच मुद्द्यावर, त्याच्या आधीच्या वकिलाने नीट काम केलं नव्हतं म्हणून.)

तीन वर्षांनी साऊथ डकोटातल्या शंभर डॉलरच्या खोट्या चेकच्या, सातव्या फेलनीच्या प्रकरणात त्याच कोर्टाने, पुन्हा पाच-चारनेच, सुटकेची आशा नसलेली जन्मठेप रद्द केली. आणि २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'तीन स्ट्राइक' कायद्याखाली तीन गोल्फ स्टिक चोरणाऱ्याची पंचवीस ते जन्मठेप पुन्हा कायम. प्रत्येकी ३९९ डॉलरच्या काठ्या. यात सुसंगती कुणाला सापडली तर कॉमेंटमध्ये जरूर कळवा.

व्हर्जिनियाची चोरीची मर्यादा १९८० पासून २०१८ पर्यंत दोनशे डॉलरवर थिजलेली होती. अडतीस वर्षं. मग पाचशे, आणि २०२० मध्ये एक हजार. बारा पेन्सची आठवण येते की नाही? न्यू जर्सीत आजही दोनशेच्या वर 'क्राइम' सुरू होतो.

आता एकोणचाळीस शिलिंगांकडे येऊ, कारण हे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या कामाचं आहे. व्हिसावर राहणाऱ्या, अगदी ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला राज्याचं लेबल वाचवत नाही. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा, आणि तो राज्याची शिक्षा घेऊन स्वतःच्या व्याख्येत घालतो. १९९६ च्या दुरुस्तीनंतर चोरीला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा झाली, अगदी ती स्थगित ठेवली आणि माणूस एक दिवसही आत गेला नाही, तरी ती 'अॅग्रव्हेटेड फेलनी' ठरते. राज्याच्या कागदावर मिसडिमीनर असली तरी! तिचा परिणाम जवळजवळ ठरलेला, देशाबाहेर. दुसरं एक कलम त्याहून वाईट. अमेरिकेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत 'नैतिक अधःपतना'चा गुन्हा केला (चोरी सहसा त्यात येते) आणि त्याला एक वर्षाची शिक्षा होऊ *शकत* असेल, तरी पुरे. प्रत्यक्षात दंडावर सुटलात तरी उपयोग नाही. दुकानातून वस्तू उचलण्याला आपल्याकडचे काही जण 'पोरखेळ' समजतात, त्यांनी हे दोनदा वाचावं. भारतातल्या अमेरिकन दूतावासाने जुलै २०२५ मध्ये चोरीबद्दल जाहीर इशारा दिला तो उगाच नव्हे.

बहुतेक राज्यांत मिसडिमीनरची कमाल शिक्षा किती? एक वर्ष. बरोब्बर ३६५ दिवस. म्हणजे राज्याने ज्याला किरकोळ म्हटलं तो गुन्हा केंद्राच्या 'एक वर्ष किंवा जास्त' या अटीत अगदी काठावर बसतो. कोड लिहिणाऱ्यांना हा किडा लगेच ओळखू येईल: 'पेक्षा जास्त' हवं होतं तिथे 'किंवा जास्त' पडलंय. दुरुस्ती केंद्राने केली नाही, तेव्हा राज्यांनी आपल्या बाजूने केली. वॉशिंग्टनने २०११ मध्ये मिसडिमीनरची कमाल शिक्षा ३६४ दिवस केली. नेवाडाने २०१३ मध्ये. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०१५ पासून. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये. एक दिवस कमी, बस्स. ज्युरीने चांदीची भांडी एकोणचाळीस शिलिंगांची ठरवावी तसं, फक्त या वेळी उघडपणे, विधिमंडळात मतदान घेऊन.

कॅलिफोर्नियाने पुढे २०१७ पासून हे ३६४ दिवस जुन्या शिक्षांनाही लागू केले. पण केंद्राच्या इमिग्रेशन अपील मंडळाने २०१८ मध्ये सांगितलं, की आम्ही शिक्षा झाली त्या दिवशीचा कायदा बघणार. २०२१ मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टानेही तेच धरलं. त्यामुळे ३१ डिसेंबर २०१४ ला ज्याच्यावर मिसडिमीनर सिद्ध झाला, त्याची कमाल शिक्षा केंद्राच्या हिशोबात अजून ३६५ दिवसच आहे. दोन दिवसांनी, २ जानेवारीला, त्याच कोर्टात, तेवढ्याच किमतीच्या मालासाठी उभा राहिलेल्याची ३६४.